विश्लेषण : मागची काच फुटल्यावर घाई हवी, नवी बसवल्यावर धीर; प्रत्यक्षात उलटे का होते?

उसाचा हंगाम सुरू झाला की पेठ वडगाव परिसरातील रस्त्यांवर दोन गोष्टी नजरेस पडतात. एक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबाहेर हातभर डोकावणारा ऊस. दुसरी, मागच्या काचेच्या जागी खताच्या पिशवीचे प्लास्टिक चिकटपट्टीने लावलेली एखादी मोटार. पहिलीचा दुसरीशी दर वेळी संबंध असतोच असे नाही. पण पुढची काच फुटली की त्याच दिवशी गॅरेज गाठणारा मालक मागची काच फुटल्यावर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, हे मात्र खरे. आणि नवी काच आली की त्याच मालकाला गाडी अर्ध्या तासात हातात हवी असते. सुरक्षेच्या दृष्टीने हे दोन्ही उलटे आहे. ते कसे, याचा हा आढावा.

मागची काच एकदम चुरा का होते?

पुढची आणि मागची काच दिसायला सारखी असली तरी घडण वेगळी असते. पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. दगड लागला तर तडा जातो, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात. छोटा तडा असेल तर त्यात रेझिन भरून दुरुस्तीही होते.

मागची काच बहुतेक मोटारींत एकसंध, ‘टफन्ड’ प्रकारची असते. काच ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे जोरदार झोत सोडले जातात. लोहार तापलेल्या विळ्याला पाणी देतो, तसे इथे काचेला हवेचे ‘पाणी’ दिले जाते. बाहेरचा पृष्ठभाग आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला भाग नंतर आकसतो. परिणामी काचेच्या पृष्ठभागावर कायमचा दाब आणि पोटात कायमचा ताण राहतो. त्यामुळे ही काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत होते. पण एका जागी जरी हा समतोल मोडला तरी साठलेला ताण क्षणात मोकळा होतो आणि सगळ्या काचेचे ज्वारीच्या लाह्यांएवढे तुकडे होतात. हा दोष नसून मुद्दाम केलेली सोय आहे. सुरीसारख्या लांब पात्यांऐवजी बोथट तुकडे पडावेत, म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्यांना खोल जखमा होणार नाहीत, हा तिचा हेतू.

याचाच अर्थ असा, की मागच्या काचेची दुरुस्ती नसते. फुटली की बदलायची.

उन्हाने काच फुटते का?

‘गाडी उन्हात उभी होती, आपोआप फुटली’ ही तक्रार नेहमीची. प्रत्यक्षात टफन्ड काच सुमारे २०० अंशांपर्यंतचा तापमानातील फरक सोसू शकते. एप्रिलमधील ऊन किंवा तापलेल्या काचेवर मारलेले गार पाणी एवढ्याने धड काच फुटत नाही. बऱ्याचदा इजा आधीच झालेली असते. या काचेचे मर्मस्थान तिची कड. डिकीत लांब पाइप, कुदळ किंवा शिडी ठेवून झाकण दाबले, गाडी मागे घेताना ट्रॉलीतील सळई टेकली, कडेला बारीक टवका उडाला, की ती इजा दिवसेंदिवस गुपचूप वाढते आणि एका दुपारी निमित्त होऊन काच कोसळते. रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या यंत्राने उडवलेला खडा, गल्लीतील क्रिकेटचा चेंडू ही नेहमीची उघड कारणे. काच तयार होताना तिच्यात राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कणही क्वचित ती फोडतो.

प्लास्टिक लावून काही दिवस चालवली तर काय बिघडते?

पावसाचे पाणी आत येते आणि मागचे दिसत नाही, हे सगळ्यांना कळते. न कळणारा धोका धुराचा आहे. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा कमी दाबाचा पट्टा तयार होतो. स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर तिथे घुटमळतो आणि मागची बाजू उघडी असेल तर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात. त्याचा पहिला मारा मागे बसलेल्या मुलांवर आणि वृद्धांवर होतो. चिकटपट्टीने लावलेले प्लास्टिक महामार्गाच्या वेगात फडफडून कडेने सुटते, त्यामुळे ते लावले म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

गॅरेजपर्यंत जाणे भागच असेल तर पुढच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एसीचे ‘आतली हवा’ बटण बंद करून पंखा बाहेरच्या हवेवर जोरात चालवावा, वेग कमी ठेवावा आणि मागच्या सीटवर कोणालाही बसवू नये. निघण्यापूर्वी सीटवरचे, सीटबेल्टच्या कुलपांतले आणि डिकीच्या खाचेतले तुकडे व्हॅक्यूमने काढावेत. हाताने झाडू नयेत. कुलपात अडकलेल्या एका तुकड्यामुळे बेल्ट नीट लागत नाही.

नवी काच निवडताना काय पाहावे?

टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता किंवा घासता येत नाही. प्रयत्न केला तर तिचाही चुरा होतो. त्यामुळे ‘थोडी मोठी आहे, बसवून देतो’ ही भाषा इथे चालत नाही. नेमके मॉडेल, साल आणि प्रकार यांचीच काच लागते. मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतील तर त्या डिफॉगरच्या आहेत. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही काचेतच असते, तर काहींत वायपरसाठी भोक. मागणी नोंदवताना हे सांगितले नाही तर काच बसते, पण पावसाळ्यात तिच्यावरचे धुके जात नाही.

मोटारींच्या काचा तयार करणारा सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आपल्याच राज्यात, चाकणला आहे. तरीही पेठ वडगावसारख्या गावात प्रत्येक मॉडेलची मागची काच हाताशी ठेवणे कोणत्याही दुकानदाराला परवडणारे नाही. ती कोल्हापूरहून किंवा पुण्याहून मागवावी लागते. म्हणून आधी काच मागवावी, ती आल्याचा फोन आला की मगच गाडी न्यावी. तोवर गाडी छताखाली उभी असावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनाची काच सुरक्षा काचच असली पाहिजे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. मोटारीच्या काचेचे भारतीय मानक ‘आयएस २५५३, भाग २’ आहे. कोपऱ्यातील ठशावर आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक पाहावा. ठसा नसलेली काच स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फुटताना तिचे तुकडे बोथटच होतील, याची हमी कोणी देत नाही. नव्या काचेबरोबर फिल्मही गळ्यात मारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढे नियमात सुधारणा झाली आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मानकात बसणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली. तरी ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम आहे.

बसवताना नेमके काय होते?

घाईचे मूळ जुन्या सवयीत आहे. अॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसायची. बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. काच बसली की किल्ली हातात. ‘अर्ध्या तासात गाडी घेऊन जा’ हे वाक्य त्या काळात शंभर टक्के खरे होते.

आताच्या बहुतेक मोटारींत काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते. त्यासाठी पॉलियुरेथेन, कारागिरांच्या भाषेत ‘पीयू’, वापरतात. जुना पीयू पात्याने कापताना पत्र्यावर एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवायचा असतो, कारण नवा थर त्यालाच उत्तम धरतो. पत्र्याचा रंग खरवडला गेला तर तिथे प्रायमर लागतो, नाही तर वर्षा-दोन वर्षांत गंज धरतो. काचेच्या काळ्या कडेवरही आधी सफाई आणि प्रायमर. ही काळी पट्टी शोभेची नाही, ती पीयूला उन्हापासून वाचवते. मग पीयूची अखंड धार सोडून काच एकदाच, सरळ टेकवायची.

घरगुती सिलिकॉन हा याला पर्याय नाही. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर सुकताना आम्ल सोडते आणि पत्रा खाते.

किती वेळ थांबायचे?

पीयू उन्हाने वाळत नाही. हवेतला ओलावा शोषून तो घट्ट होतो, तेही कडेकडून आत. त्यामुळे गाडी उन्हात लावली की काम लवकर होते, हा समज अर्धाच खरा. ऊब मदत करते, पण कोरड्या हवेत वेळ वाढतो, आणि थंडीत आणखी वाढतो. जुलैमध्ये हवेत ओलावा भरपूर असतो, पण पत्र्यावर किंवा काचेवर पाण्याचा एक थेंब असला तरी तिथे पकड बसत नाही. म्हणून पावसाळ्यात हे काम रस्त्याकडेला नको, शेडखालीच हवे.

गाडी हलवण्यापूर्वी किती तास थांबायचे, हे पीयूच्या नळीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते. एखाद्याला तासभर पुरतो, एखाद्याला अनेक तास लागतात. नळीवर मुदत संपल्याची तारीखही असते, ती पाहावी. पहिला दिवसभर चिकटपट्टी काढू नये, डिकी आपटू नये, प्रेशरने गाडी धुऊ नये. एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सगळ्या खिडक्या बंद असताना दार आपटले तर आतल्या हवेचा दाब ओल्या सांध्यावर येतो.

कच्च्या पीयूवर गाडी नेली तर काच त्याच दिवशी पडेलच असे नाही, आणि म्हणूनच ही चूक पुन्हा पुन्हा होते. वाठार फाट्याकडे जाताना दोन-चार खड्ड्यांत सांधा किंचित सरकतो. मग पहिल्या पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचते. आणि अपघाताच्या क्षणी जी काच जागेवर राहायला हवी, ती सांध्यातून सुटते.

विम्याचा दावा करावा का?

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात मिळतात. दंगल, संप किंवा कोणी खोडसाळपणे दगड मारून झालेले नुकसानही त्यात येते. अशा वेळी पोलिसांत नोंद करून ठेवावी. काचेवर घसारा कापला जात नाही, रबरी भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सर्वसाधारणपणे पहिले १,००० रुपये मालकाच्या खिशातून जातात. कंपनीला कळवण्याआधी काच बदलू नये आणि फोटो काढून ठेवावेत.

खरा हिशेब नो क्लेम बोनसचा. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के सवलत मिळते. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ती ४५ टक्के होईल. केला तर शून्यावर येईल. म्हणजे पहिल्याच वर्षी ३,६०० रुपयांचा फटका. सवलत पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत ५० टक्क्यांवर जाईपर्यंतचा फरक मोजला तर पुढच्या चार वर्षांत २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये. एकूण ९,६००. काचेचे बिल यापेक्षा कमी असेल तर दावा न केलेलाच बरा. बोनस संरक्षणाचे जोडकलम घेतले असेल, किंवा पॉलिसीत काचेच्या दाव्याला सूट असेल, तर हे गणित बदलते. त्यामुळे फोन करण्याआधी पॉलिसी वाचावी.

मग बदलायला काय हवे?

नियम १०० काच कशी असावी ते सांगतो. ती चिकटवल्यावर किती तास थांबावे, याबद्दल तो काही सांगत नाही. ती जागा आज कारागिराच्या अनुभवाने आणि गिऱ्हाइकाच्या घाईने भरली जाते, आणि दोघांत घाईच जिंकते. दोष एकट्या कारागिराचा नाही. ‘उद्या न्या’ म्हणणाऱ्याचे गिऱ्हाईक ‘आत्ता देतो’ म्हणणाऱ्याकडे वळते, हे त्याला ठाऊक असते. दूध, भाजी किंवा भाड्याच्या प्रवाशांवर ज्याची गाडी चालते, त्याच्यासाठी एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवसाची कमाई बुडाली, हेही खोटे नाही.

उपाय मात्र फार खर्चाचा नाही. काचेच्या बिलावर चार ओळी वाढवाव्यात : काचेवरील मानकाचा क्रमांक, पीयूचे नाव आणि त्याची मुदत, काच बसवल्याची वेळ आणि गाडी नेण्याची वेळ. विमा कंपन्यांनी दावा मंजूर करताना या चार ओळी मागितल्या तर ही पद्धत गॅरेजांत आपोआप रुजेल. ज्याला गाडीवाचून चालत नाही, त्याने संध्याकाळी काम सांगावे आणि रात्रभर गाडी गॅरेजातच ठेवावी. कमाई बुडत नाही आणि पीयूलाही वेळ मिळतो.

मागच्या काचेला आपण आरशातल्या दृश्यापुरती किंमत देतो. पण तिच्या पुढ्यात मागच्या सीटवर घरातली माणसे बसलेली असतात. त्यांच्यासाठी काच फुटलेल्या दिवशी मागणी नोंदवावी, आणि ती बसवलेल्या रात्री एसटीने घरी यावे.