माजघरांतील गोष्टी : नसलेल्या गांवाची यात्रा

गेल्या अंकांत बरण्यांच्या आवराआवरीविषयीं लिहितांना आमच्या जानेवारींतल्या प्रवासाचा ओझरता उल्लेख मीं केला होता. त्यावर कांहीं वाचकभगिनींनीं सविस्तर हकीकत मागितली आहे. ती देतें, मात्र तींत माझी शोभा फारशी नाहीं, हें आधींच सांगून ठेवतें.

"ज्या गांवाला टपालाचा शिक्का नाहीं, त्या गांवाचीं तिकिटें तुम्ही काढणार तरी कोठून?" हा आमच्या थोरल्या भावोजींचा पहिला प्रश्न. त्यांनीं जन्मभर शाळेंत भूगोल शिकविला, तेव्हां प्रश्न पेशाला धरूनच होता. मालगुडी हें गांव कोणत्याहि नकाशांत नाहीं. आर. के. नारायण ह्या लेखकानें १९३० सालीं विजयादशमीच्या मुहूर्तावर कोरी वही उघडली, तेव्हां तें त्याच्या मनांत उगवलें. आणि १९३५ त निघालेल्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' ह्या पुस्तकानें तें लोकांच्या परिचयाचें झालें. पुढें १९८७ सालीं शंकर नाग ह्यांनीं दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज' ही मालिका दूरदर्शनवर आली. तिच्यासाठीं ह्या नसलेल्या गांवाला खरी जमीन हवी होती. ती मुख्यत्वें कर्नाटकांत, शिवमोग्गा जिल्ह्यांतल्या आगुंबे ह्या घाटमाथ्यावरील खेड्यांत मिळाली. आम्हांला जावयाचें होतें तें तेथें.

१९८७ सालीं सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्यांत एका चुलीवर चौदा माणसें जेवत, आणि त्या चौदांमध्यें संच एक. मालिकेची वेळ झाली कीं मामंजी आरामखुर्चींत, मुलें सतरंजीवर, सासूबाई माजघराच्या खांबाला टेकून, आणि आम्ही जावा अर्धा डोळा आमटीवर ठेवून दाराशीं, अशी बैठक असे. एल्. वैद्यनाथन् ह्यांची ती शब्दाविना आळविलेली धून सुरू झाली म्हणजे शेजारचीं पोरेंहि धांवत येत. आरंभीं आर. के. लक्ष्मण ह्यांचीं रेखाचित्रें दिसत. लक्ष्मण हे नारायणांचे धाकटे बंधु. त्यांची कर्तबगारी मुंबईंत गाजली, तेव्हां तीं चित्रें आम्हांला घरचींच वाटत. स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ तर आमच्या पोरांनीं आपल्यांतलाच एक मानला होता. त्याच्या वडिलांचें काम गिरीश कार्नाडांचें. तें मामंजींना इतकें पटलें होतें कीं, त्यानंतर कांहीं दिवस ते मुलांवर रागावतांना आवाज चढवीनासे झाले. हा लाभ फार काळ टिकला नाहीं.

मामंजी गेले, वाडा पाडला गेला, तीन भाऊ पुण्याच्या तीन दिशांना राहूं लागले, आणि सासूबाई वर्षाचे चार-चार महिने एकेकाकडे. त्यांना ८६ वें लागलें तेव्हां पुतणसुनेनें विचारलें, "आजी, तुम्हांला कोठें जावेंसें वाटतें?" आम्ही काशी किंवा गाणगापूर ह्या उत्तराच्या तयारींत होतों. त्या म्हणाल्या, "त्या स्वामीचें घर पहायचें आहे." सगळे हंसले. मीहि हंसलें.

आम्ही अकरा जणें निघालों. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण आगुंब्याचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. वर्षाकाठीं सरासरी साडेसात हजार मिलिमीटरांच्या घरांत तो पडतो, म्हणजे पुण्याच्या दसपट. हुबळीपर्यंत आगगाडी, तेथून भाड्याची लहान बस, रात्रीं शिवमोग्ग्यास मुक्काम, असा बेत होता. भावोजी नकाशा घेऊन पुढच्या बाकावर बसले. नसलेल्या गांवाला जातांना नकाशा कशाला, असें त्यांना विचारण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं प्रथम अरसाळूचें स्टेशन पाहिलें. मालिकेंतलें मालगुडी स्टेशन तें हेंच. त्या वेळीं शिवमोग्गा ते तालगुप्पा ह्या मार्गावर मीटर गेजची लहान गाडी चाले; आतां तेथें ब्रॉड गेज आहे. जुन्या इमारतीचें २०२० सालीं रेल्वेनें मालगुडी संग्रहालय केलें, आणि काम सोंपविलें मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज ह्यांच्याकडेच. भिंतींवर चित्रें आहेत, मूर्ती आहेत, जुन्या डब्यांत चहाची सोय आहे. हौसेनें केलें आहे खरें. मला स्वतःला तें थोडें कमी नटविलें असतें तर अधिक आवडलें असतें. परंतु एक गोष्ट मनाला लागली. नारायणांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, मालगुडी सुचलें तेव्हां प्रथम डोळ्यांपुढें आलें तें त्याचें चिमुकलें स्टेशन, आणि फलाटावरून धांवणारा स्वामीनाथन. म्हणजे ह्या गांवाला घरें व रस्ते नव्हते तेव्हांपासून स्टेशन होतें! हें मीं भावोजींना सांगितलें. ते बराच वेळ फलाटावर उभे राहिले, आणि मग म्हणाले, "तें असो. पण अरसाळू हें खरेंखुरें गांव आहे, आणि आपल्या अकरांपैकीं एकानेंहि त्याची चौकशी केली नाहीं." उत्तर कोणाजवळच नव्हतें.

त्यांच्याच आग्रहास्तव तीर्थहळ्ळीहून थोडी वाट वांकडी करून कुप्पळ्ळीस गेलों. कन्नड भाषेला ज्ञानपीठ पारितोषिक प्रथम मिळवून देणारे कुवेंपु ह्यांचें हें गांव, आणि त्यांचें जुनें चौसोपी घर आतां स्मारक म्हणून जपलेलें आहे. येथें कोणी रहात नाहीं, त्यामुळें वाटेल त्या खोलींत डोकावतां येतें, खांबावर हात फिरवितां येतो. घर सुंदर आहे. परंतु तेथून संवय लागून आम्ही पुढें गेलों, आणि त्या संवयीनेंच घात केला.

आगुंबे लहानसें गांव आहे. एक मुख्य रस्ता, दोहों बाजूंस उतरत्या कौलांचीं घरें, आणि त्यांपलीकडे लगेच दाट रान. त्यांतलें 'दोड्डमने', म्हणजे थोरलें घर, तेंच मालिकेंतलें स्वामीचें घर. मधोमध उघडा चौक, भोंवतीं लांकडी खांबांचा सोपा, वर काळपट कौलें. पाहतांक्षणीं मुलांनीं "ती पायरी! तो दरवाजा!" असा गलका केला. हें घर स्मारक नाहीं. तेथें माणसें राहतात, स्वयंपाक होतो, आल्यागेल्याला जेवावयास वाढतात, आणि त्याचा ठराविक दर सांगत नाहींत.

माझ्या पुतण्याचा मुलगा वीस वर्षांचा आहे. मालिका त्यानें आमच्यासारखी माजघरांत बसून पाहिलेली नाहीं, पण त्याला ती आमच्याहून अधिक पाठ आहे. चित्रांत चौक जसा दिसतो तसाच हुबेहूब आपल्या कॅमेऱ्यांत यावा, अशी त्याची खटपट चालली होती. घरांतल्या एक वृद्ध बाई खांबाजवळ सुपारी निवडीत बसल्या होत्या. त्यानें हातानें खूण करून त्यांना सांगितलें, जरा बाजूला सरतां का? त्या हंसल्या, सूप उचललें, आणि आपल्याच घरांत बाजूला झाल्या.

आमच्यापैकीं कोणालाहि त्यांत कांहीं वाटलें नाहीं. हें मला आज लिहितांना अधिक लागतें. चित्रांत त्या बाई नव्हत्या, म्हणून आमच्या दृष्टीनें त्या तेथेंहि नसाव्या, असाच त्याचा अर्थ होता.

तेवढ्यांत पाठीमागून आवाज आला, आणि तो आम्हीं पूर्वीं कधींहि ऐकलेला नव्हता. सासूबाई कानडींत बोलत होत्या.

आमच्या सासूबाईंचें माहेर धारवाडचें. ही गोष्ट आम्हां सर्वांना ठाऊक होती. जशी त्यांची जन्मतिथि ठाऊक होती तशी. साठाहून अधिक वर्षांपूर्वीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या तेव्हां "बसा कीं", "या कीं" असें बोलत. आमच्या आत्याबाई त्याची नक्कल करीत आणि सारें माजघर हंसत असे. मी सून म्हणून आलें तोंवर तें 'कीं' जवळजवळ मावळलेंच होतें. एकदां हळदीकुंकवाच्या दिवशीं त्यांच्या तोंडून तें निसटलें, आणि मीं जाऊबाईंजवळ त्याची नक्कल केली. दाराआड सासूबाई उभ्या होत्या. त्यांनीं कांहींच म्हटलें नाहीं. करंज्यांचें ताट मात्र माझ्या हातीं देऊन त्या आंत गेल्या.

आतां त्या वृद्ध बाईंच्या शेजारीं जमिनीवर बसल्या होत्या आणि बोलत होत्या. प्रथम शब्द अडखळत येत होते, मग सरळ, मग भराभर. त्यांचा आवाजसुद्धां निराळा होता, थोडा जाड, थोडा खट्याळ. मध्येंच दोघी हंसल्या. सुपारीचें सूप आतां दोघींच्या मध्यें होतें. आमच्या घरचे माझ्या कानाशीं लागून म्हणाले, "आई काय म्हणते आहे?" मीं म्हटलें, "तुमची आई आहे. मला काय विचारतां?"

नंतर सासूबाईंनीं नातवाला हांक मारली. रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "ह्या मला सांगत होत्या कीं, शूटिंगच्या वेळीं गांवांतल्या पुष्कळ जणांनीं त्यांत लहानसहान कामें केलीं. तूं ज्यांना बाजूला केलेंस ना, त्यांच्याशिवाय तुझा स्वामी कोठें धांवला असता? जा, पायां पड." तो गेला, पायां पडला, कान लाल झाले होते. त्यानंतर दोन दिवस त्यानें कॅमेऱ्याला हात लावला नाहीं. हें अंमळ अतिच झालें. सूर्यास्ताचें चित्र कोणाजवळच राहिलें नाहीं.

जेवण पानांवर झालें. निघतांना पैशांचा प्रश्न आला. आमच्या घरचे खजिनदार; त्यांनीं शिवमोग्ग्याच्या उपाहारगृहाच्या दरानें अकरा पानांचा हिशेब केला. भावोजींचें म्हणणें, हा हिशेब अपमानकारक. दक्षिणा म्हणून एक रक्कम द्यावी. दक्षिणा म्हटलें कीं ती कमी होते, असें जाऊबाईंचें निरीक्षण. सोप्यांत उभें राहून ही कुजबुज चालली असतां सासूबाईंनीं आपली पिशवी उघडली. तींत इरकली खण होते, नारळ होता, आणि हळदकुंकवाच्या पुड्या होत्या. पुण्याहून त्यांनीं हें आम्हांला न सांगतां आणलें होतें. खण-नारळानें त्यांनीं त्या बाईंची ओटी भरली, आणि मुलाला म्हणाल्या, "तुझा हिशेब झाला असेल त्यांत आणखी घाल, पाकीट बंद कर आणि तबकांत ठेव. मोजून दाखवूं नकोस." तसेंच केलें.

सायंकाळीं गांवाबाहेरच्या सूर्यास्ताच्या जागीं गेलों. हवा स्वच्छ असली तर तेथून पश्चिमेस अरबी समुद्र दिसतो. आम्हांला धुकें दिसलें. खालीं सोमेश्वराकडे उतरणारा चौदा वळणांचा घाट मात्र दिसत होता. भावोजी तेथें शंकर नागांविषयीं सांगत होते. तारुण्यांत मुंबईस असतां मराठी रंगभूमीशीं त्यांचा निकट संबंध आला होता. मालिका होऊन तीन वर्षें लोटतात तोंच, ३० सप्टेंबर १९९० रोजीं, मोटारच्या अपघातांत ते गेले. वय अवघें पस्तीस. सासूबाई ऐकत होत्या. मग आपण होऊन म्हणाल्या, "मालिका पहिल्यांदां लागली ना, त्या दिवशीं मला गोष्ट कांहीं कळली नाहीं. मी नुसती तो चौक पहात होतें. आमच्या धारवाडच्या घरचा चौक अगदीं तसा होता. पुढें दर खेपेला मी खांबच मोजीत बसें."

म्हणजे आम्ही तेरा जणें स्वामीची गोष्ट पहात होतों, आणि चौदावें माणूस खांबाला टेकून आपलें माहेर पहात होतें. इतक्या वर्षांत हें आम्हांला कळलें नव्हतें, कारण कोणी विचारलें नव्हतें.

भावोजींनीं कांहीं वेळानें नकाशा उलगडला. "आई, धारवाडचें घर कोणत्या गल्लींत होतें?" त्यांनीं सांगितलें. हुबळीहून धारवाड वीसच किलोमीटर, आणि परतीची गाडी रात्रीची होती.

दुसऱ्या दिवशीं बस धारवाडास नेली. गल्ली सांपडली, घर नव्हतें. त्या जागीं तीन मजली इमारत होती आणि खालीं औषधांचें दुकान होतें. आम्ही सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे पहात उभे राहिलों. त्यांनीं इमारतीकडे पाहिलें, समोरच्या पिंपळाकडे पाहिलें. दुकानदारानें कानडींत कांहीं विचारलें, त्याला उत्तर दिलें. भावोजी हळूच म्हणाले, "आई, फार उशीर झाला आपल्याला."

"उशीर कसला? काल पाहून झालें कीं," त्या म्हणाल्या.

त्या 'कीं'ला कोणी हंसलें नाहीं. मग त्यांनीं आम्हांला पेढ्यांच्या दुकानाचा रस्ता दाखविला. तो त्यांना बरोबर आठवत होता. दोन किलो पेढे घेऊन आम्ही हुबळीस वेळेवर पोहोंचलों.