इसार देण्याआधी कोणती मोजणी?



रविवारी विहारात वंदना संपली की कोणीतरी पिशवीतून कागद काढतेच. मी वकील नाही, कारकून आहे. पण कचेरीत वर्षे गेल्यामुळे सरकारी कागद वाचता येतो, एवढ्याच भांडवलावर लोक माझ्याकडे येतात. या वेळी घरासाठी जागा घेण्याबद्दल लिहितो. त्याला कारण आहे.

आमच्या वस्तीतले एक गृहस्थ नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी शहराबाहेर एक गुंठा जागा घेतली. दलालाने त्यांना नकाशा दाखवला होता. नकाशा खोटा नव्हता. त्यावर भूमी अभिलेख कार्यालयाचा शिक्का होता, गट नंबर होता, सही होती. कोपऱ्यांवर चुना फासलेले चार दगडही होते. व्यवहार नोटरीच्या कागदावर झाला. दोन खोल्या उभ्या राहिल्या. गृहप्रवेशाला बुद्धवंदना मीच घेतली, जिलेबी खाल्ली आणि घरी आलो. कागद दाखवा, असे त्या दिवशी मी म्हणालो नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या गटाच्या मालकाने आपली मोजणी आणली. भूकरमापकाने हद्दीची खूण दाखवली ती यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीच्या आत! नकाशा होता तो तीन एकरांच्या पूर्ण गटाचा. त्यात यांचा गुंठा कुठे बसतो याची एक रेघही नव्हती. चुन्याचे दगड दलालाने आपल्या मनाने पुरलेले होते. मोजणीची नोटीस लगतच्या कब्जेदाराला येते. पण सातबारावर यांचे नावच नव्हते, म्हणून ती मूळ मालकाला गेली आणि त्याने ती खिशात घातली. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. पण मागायला दप्तरी नाव लागते. स्वयंपाकघर पाडावे लागले. त्या माउली आज पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात चूल मांडतात.

‘मोजणी झालेली जागा आहे’ या शब्दांवर आपण फसतो. मोजणी कोणती, हे विचारले पाहिजे. जमीन बिनशेती करताना होते ती बिनशेती मोजणी. भावाभावांच्या वाटण्यांसाठी पोटहिस्सा मोजणी. रस्ता किंवा धरणासाठी सरकार जमीन घेते तेव्हा भूसंपादनाची मोजणी. कोर्टाच्या हुकुमाने होते ती कोर्ट मोजणी. या प्रत्येकीचा नकाशा सरकारीच असतो आणि प्रत्येकीचे काम निराळे असते. घर बांधण्यासाठी जागा घेणाऱ्याच्या उपयोगाची मोजणी एकच, ती म्हणजे हद्दकायम मोजणी. दप्तरातली हद्द प्रत्यक्ष जमिनीवर कुठे येते आणि त्या हद्दीत आज कोण बसले आहे, हे तीत दिसते. तिच्या नकाशाच्या प्रतीला क-प्रत म्हणतात. ती हातात घेतली की आधी तारीख पाहा, मग गट नंबर आणि प्लॉट नंबर. तुमचा प्लॉट त्या नकाशात वेगळा दाखवलेला नसेल, तर तो नकाशा तुमच्यासाठी नाही.

आता अडचण अशी की खरेदीदाराला मोजणीचा अर्ज करता येत नाही. अर्ज सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर ज्याचे नाव आहे त्याने करायचा असतो. म्हणून हे काम विकणाऱ्याकडून करून घ्यावे लागते, आणि ते इसार देण्याआधीच होते. पैसे हातात पडल्यावर कोण कशाला धावपळ करील? फीचा वाद असेल तर अर्धी आपण सोसावी. जन्माच्या कमाईपुढे ती काहीच नाही. साधी, तातडी आणि अतितातडी असे पूर्वीचे प्रकार २०२४ च्या अखेरीस जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले. घाई नसेल तर नियमित पुरते. अर्ज आता संगणकावर होतो, पण तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एक चक्कर मारलेली बरी. मोजणीच्या दिवशी रजा काढून स्वतः हजर राहा. घरातल्या बाईलाही न्या. भिंत, झाड, गटार कुठे आहे हे बायकांच्या नजरेतून सुटत नाही, हा माझा अनुभव आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. टेप सोबत ठेवा.

मोजणी हद्द सांगते, मालकी सांगत नाही. त्यासाठी सातबारा, फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडचा मागच्या ३० वर्षांचा शोध पाहावा. गावठाणातले घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतात. तो घरपट्टीचा कागद आहे. घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही. नोटरीच्या कागदानेही होत नाही. खरेदीखत नोंदलेलेच हवे. शेतजमिनीतला सुटा गुंठा विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधने घातली. पुढे २००१ चा गुंठेवारी कायदा आला, वेळोवेळी सवलती निघाल्या. पण सवलत निघाली म्हणजे आपली गल्ली तीत बसली, असे दलाल म्हणतो. सरकार म्हणेल तेव्हा खरे.

एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगतो. स्वस्तात मिळणारी जागा पुष्कळदा महार वतनाची निघते. ज्या वतनाने आपल्या बापजाद्यांना रात्रंदिवस राबवले, त्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल मांडले. ही कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसले की थांबा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आदेश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशा जागेवर घर बांधायला पैसा घालू नका. विकणारा आपलाच भाऊबंद असला तरी आदेश मागायला लाजू नका. आपल्याच दोन घरांत कोर्टकज्जे लागलेले मी पाहिले आहेत. वकील मात्र दोन्हीकडचे तिसऱ्याच समाजाचे होते.

फ्लॅट घेणाऱ्यांना हद्दीपेक्षा इमारतीच्या हाडांची चौकशी हवी. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या चिटणीसाकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. मुंबईत सी-१ शेरा म्हणजे इमारत रिकामी करून पाडण्याजोगी. ‘बँकेचा माणूस पाहून गेला, आता काय भीती’ असे म्हणू नका. बँकेचा माणूस बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, एवढेच पाहतो. छताची गळती तो तुमच्यासाठी मोजत नाही.

गेल्या महिन्यात एक जोडपे कागद घेऊन आले. ती अंगणवाडीत मदतनीस, तो रिक्षा चालवतो. बिनशेती प्लॉट, सातबारा स्वतंत्र, सगळे नीट होते. तरी तिने हद्दकायम मोजणीचा हट्ट धरला. विकणारा चिडला, ‘विश्वास नाही का?’ म्हणाला. ती म्हणाली, ‘दादा, तुमच्यावर आहे, दगडावर नाही.’ मोजणी झाली. मागच्या बंगल्याचे कंपाउंड सव्वातीन फूट आत आलेले निघाले, म्हणजे ३३ फुटांच्या लांबीवर सुमारे १०७ चौरस फूट जागा गेलेली. त्याने तेवढ्या जागेचे पैसे कमी केले. खरेदीखत पुढच्या आठवड्यात आहे. क-प्रत तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे.