सव्वा तासाच्या विमानाचे सात तास

बेंगळुरूहून बेळगावच्या विमानाचं तिकीट काढलं की त्यावर वेळ असतो सव्वा ते दीड तास. देवनहळ्ळी आणि सांबरा या दोन्हीकडच्या विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे 445 किलोमीटर. पंख्यांचं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, त्यात धावपट्टीवरचं येणंजाणं, चढणं-उतरणं धरलं की हिशेब जुळतो. पण हा वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि उभं राहिलं की संपतो. माझा प्रवास मात्र इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या दारापासून बेळगावच्या शहापूरमधल्या आईच्या दारापर्यंतचा आहे.

दुपारी दोनच्या विमानासाठी मला नऊला विमानतळाची वायुवज्र बस गाठावी लागते. पन्नासहून जास्त किलोमीटर, आणि वाटेत सिल्क बोर्ड, मारतहळ्ळी, हेब्बाळ. मांडीवर बॅगा घेतलेली माणसं फोनवरचा नकाशा पुन्हापुन्हा बघतात; पोहोचायची वेळ 11:20 वरून 11:35, मग 11:50. हेब्बाळला कुणीतरी ड्रायव्हरला विचारतंच, ‘अण्णा, एष्टु होत्तागुत्ते?’ – किती वेळ लागेल? त्याला तरी काय माहीत! पुढे तपासणी, थांबणं, उड्डाण. सांबऱ्याला उतरून रिक्षाचं भाडं ठरवून घरी पोहोचेपर्यंत चार वाजून जातात. म्हणजे सात तास झाले.

10 ऑगस्ट 2025 रोजी बेंगळुरू–बेळगाव वंदे भारत सुरू झाली. लोहमार्गाने 611 किलोमीटर, साडेआठ तास. त्याच दिवशी आमच्या भागातून जाणारी मेट्रोची पिवळी मार्गिकाही सुरू झाली, त्यामुळे मॅजेस्टिकचं स्टेशन वाहतूककोंडीत न अडकता गाठता येतं. शिवाय रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. झोपेत प्रवास होतो. तरीही विमानाने वाचणारे दोन-तीन तास कमी नाहीत. घरात कुणी आजारी असेल तर ते लाखमोलाचे. म्हणूनच विमान नको असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं सरकारला आहे. 2016 च्या उडान योजनेत तासाभराच्या उड्डाणाला 2500 रुपयांची मर्यादा आली, ती निम्म्या जागांसाठी. कंपन्यांना तीन वर्षं तूटभरपाई मिळाली. सांबऱ्याला 2017 मध्ये नवी इमारत झाली. हे सगळं चांगलंच झालं. पण सगळी मोजदाद धावपट्टी ते धावपट्टी. त्याच पैशातला थोडा वाटा जमिनीवर खर्च करा. सांबऱ्याला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला जोडून बेळगाव बसस्थानकाची बस हवी आणि तिथून खानापूर, निपाणी, चंदगडच्या गाड्यांशी वेळ जुळायला हवी. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. राज्याची हद्द मधे आली म्हणून त्याची गाडी का चुकावी? विमान उशिरा आलं तर बसही थांबली पाहिजे, हे करारातच लिहा.

आणि बेंगळुरूच्या टोकाला? 2008 मध्ये एचएएलचा शहरातला विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला, देवनहळ्ळीपासून 150 किलोमीटरच्या आत दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ नको ही अट 2033 पर्यंत लागू झाली. आता दुसऱ्या विमानतळासाठी कनकपुरा रस्त्यावरच्या जागांचाही विचार चालू आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्या आम्हा लाखोंना तो हवाच आहे. पण जागा पक्की होईल त्याच बैठकीत तिथपर्यंतच्या मेट्रोचा मार्ग आणि पैसाही पक्का करा. देवनहळ्ळी सुरू होऊन इतकी वर्षं झाली, तिथली मेट्रो अजून बांधली जातेय.