हवा की प्राणवायू?

नदीत कोणी बुडाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘पाणबुडे ऑक्सिजन सिलिंडर लावून पाण्यात उतरले.’ वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. श्वास म्हणजे ऑक्सिजन, तेव्हा पाण्याखाली श्वास घ्यायचा तर पाठीवर ऑक्सिजनच असणार, असे आपण सारेच धरून चालतो. वास्तविक ते वाक्य बहुतेक वेळा चुकीचे असते. पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये सर्वसाधारणपणे साधी हवा असते. तुम्ही-आम्ही घेतो तीच, फक्त यंत्राने दाबून भरलेली. ही चूक नुसती शब्दाची नाही, ती जिवावर बेतणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. मी वैनगंगेच्या काठच्या ढिवर घरातली. माझ्या आधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. परंतु पाण्याशी आमचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या बायका बुडाल्या. असे काही घडले की बचाव पथक येईपर्यंत पाण्यात उडी घेणारी माणसे काठावरचीच असतात. पथक आल्यावर त्याला हातभार लावणारीही तीच. त्यांना योग्य शब्द ठाऊक असणे ही चैन नव्हे. शिवाय शब्दांची राखण करणे हे कला शाखेचे काम नाही, तर कोणाचे?

प्रथम शास्त्र पाहू. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के असतो. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. जो ऑक्सिजन वर आपल्याला जगवतो तोच अशा वाढत्या दाबाखाली विषारी होतो. पॉल बर्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच हे ग्रंथरूपाने मांडले होते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सुमारे ६ मीटरच्या खाली जाणे आज धोक्याचे मानले जाते. माणसाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि तो बुडतो. ६ मीटर म्हणजे फार खोल असेही नाही. आमच्याकडच्या कितीतरी विहिरी याहून खोल आहेत.

आता असा विचार करा. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर असते, रुग्णालयातही असते. २०२१ च्या कोरोना साथीत तर ‘ऑक्सिजन सिलिंडर’ हा शब्द घराघरात पोचला. ज्या धाडसी तरुणाने पाणबुडे ‘ऑक्सिजन’ लावून उतरतात असे वाचले आहे, त्याला वेल्डिंगचे सिलिंडर आणि पाणबुड्याचे सिलिंडर एकच वाटले तर दोष कोणाचा? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबाबत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण शाळेत ऐकली. तिथे एक अक्षर बदलले, इथे आपण अख्खा वायूच बदलून टाकतो.

गंमत अशी की आपली मराठीही या गैरसमजाला मदत करते. ऑक्सिजनला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण तो अर्धेच सांगतो. ज्याच्या नावातच प्राण आहे तो प्राण घेईल कसा, आणि जितका जास्त तितका चांगला का नसेल, असे वाटून जाते. पाण्याखाली मात्र हिशेब उलटा आहे. नायट्रॉक्स नावाचे एक मिश्रण असते. त्यात हवेपेक्षा अधिक, बहुधा ३२ टक्के, ऑक्सिजन असतो. त्याने पाण्याखाली अधिक वेळ राहता येते; परंतु रूढ नियमाप्रमाणे सुमारे ३३ मीटरच्या खाली जाता येत नाही. ऑक्सिजन वाढला की खोलीची मर्यादा वर सरकते.

नावांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ‘स्कुबा’ हा मुळात शब्दच नव्हे. ‘सेल्फ-कन्टेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस’ यातली ती आद्याक्षरे आहेत. स्वतःचा श्वास स्वतःबरोबर नेणारे, पाण्याखालचे श्वसनाचे उपकरण, असा त्याचा अर्थ. त्यात ऑक्सिजनचे नाव कुठेच नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी दाबलेल्या हवेचे जे उपकरण तयार केले त्याचे नाव ॲक्वालंग. ते एका मालाचे नाव, पण डालडासारखे सगळ्यांनाच लागू झाले. विशेष म्हणजे त्याआधी कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनचे उपकरण वापरून पाहिले होते, आणि पाण्याखाली त्याला झटके आले होते.

इतर वस्तूंचेही असेच आहे. पोहण्याचा गॉगल आणि पाणबुड्याचा मास्क आपण एकच समजतो. मास्कमध्ये नाक आत असते, म्हणून नाकाने हवा सोडून आतला दाब सांभाळता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर राहते, त्यामुळे खोल गेल्यावर तो डोळ्यांवर आवळतो. स्नॉर्कल ही केवळ पृष्ठभागावर तरंगताना वापरायची आखूड नळी आहे. ती लांब केली तर खोल जाता येईल असे वाटते, पण अर्ध्या-पाऊण मीटरखालीच पाण्याचा दाब छातीला वरची हवा ओढू देत नाही. म्हणूनच स्कुबाला रेग्युलेटर लागतो. तो त्या त्या खोलीच्या दाबाने हवा तोंडात देतो.

पाण्याखालची ही गोष्ट जमिनीखालीही लागू पडते. चंद्रपूर जिल्हा कोळशाच्या खाणींचा. भूमिगत खाणीत उतरणाऱ्याजवळ सेल्फ-रेस्क्यूअर नावाचा डबा असतो. या एका नावाखाली दोन उपकरणे येतात. पहिले गाळणीचे : ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते, पण स्वतः ऑक्सिजन मुळीच देत नाही. दुसरे ‘सेल्फ-कन्टेन्ड’ : ते स्वतःचा ऑक्सिजन देते. जिथे हवेतला ऑक्सिजनच कमी पडला आहे तिथे पहिले निरुपयोगी. स्कुबातली पहिली दोन अक्षरे ज्या शब्दाची, त्याच शब्दावर इथेही जीव टांगलेला आहे. दोन्ही डब्यांना ‘ऑक्सिजन मास्क’ म्हणून मोकळे होणे कसे परवडेल?

याचा अर्थ ऑक्सिजन नको असा नाही. बुडून बाहेर काढलेल्या माणसाला किंवा घाईने वर आल्यामुळे आजारी पडलेल्या पाणबुड्याला काठावर शुद्ध ऑक्सिजनच द्यावा लागतो. म्हणजे एकाच नावेत दोन सिलिंडरे असू शकतात : एक उतरणाऱ्यासाठी हवेचे, दुसरे रुग्णासाठी ऑक्सिजनचे. आपल्याकडे रुग्णालयातील ऑक्सिजनचे सिलिंडर काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या खांद्याचे असते. पण घाईच्या वेळी माणूस रंगाआधी शब्द ऐकतो. ‘ऑक्सिजन आण’ या हाकेला काठावरच्या पोराने कोणते उचलावे?

काहीजण म्हणतील, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शब्दांचा हा जाच कशाला? मी इंग्रजीची बाजू घेत नाही. ‘हवेचे सिलिंडर’ हे शब्द पूर्ण बरोबर आहेत आणि आमच्या आजीलाही कळतात. माझा आक्षेप आहे तो अर्थ न विचारता ऐटीखातर उचललेल्या इंग्रजीला. उच्चार चुकला तर लोक हसतील, एवढेच. अर्थ चुकला तर हसायला कोणी उरणार नाही. आमच्या घरी फेकायचे जाळे वेगळे आणि आडवे लावायचे वेगळे. दोन्हींना एकच नाव देणाऱ्याला माझे आजोबा नावेत बसू देणार नाहीत. न शिकलेल्या माणसाची ही शिस्त शिकलेल्यांनी का सोडावी?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या वार्ताहर होईल, कोणी शिक्षक, कोणी आपत्ती दलात जाईल, कोणी तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या संस्थेत स्कुबा शिकायला जाईल. प्रत्येकाने एक सवय लावून घ्यावी. सिलिंडर दिसले की आत काय आहे ते विचारावे, आणि जे असेल तेच लिहावे, तेच बोलावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे दहा-बारा शब्दही अर्थासह शिकवावेत. त्याला पैसा लागत नाही. लागतो फक्त एक फळा आणि अर्धा तास.