‘१’ ला अंक न मानणारं साधन आणि आपले स्वाध्याय



ब्लॉगवर स्वाध्याय टाकणारे आपल्यातले काही जण आता पान व्हीएस कोडमध्ये तयार करतात. त्यात एमेट हे साधन आधीपासून असतंच. (एमेट म्हणजे जुन्या इंग्रजीत मुंगी, पूर्वी त्याचं नाव झेन कोडिंग होतं.) वीस ओळी निवडायच्या, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘रॅप विथ अ‍ॅब्रिव्हिएशन’ घ्यायचं आणि ओएल>एलआय* असं लिहायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक ओळीला यादीचा टॅग लागतो. शेवटची चांदणी राहिली तर वीसच्या वीस ओळी एकाच टॅगमध्ये जातात. ते एकदा कळलं की कळलं.

मला बोलायचंय ते त्याला जोडता येणाऱ्या ‘|टी’ या शेपटीबद्दल. वर्डमधून आणलेल्या प्रश्नांना आपण हाताने अनुक्रमांक दिलेले असतात. यादीचा टॅग स्वतःचे क्रमांक देतो, म्हणून जुने काढायला ही शेपटी. ती ओळीच्या सुरुवातीचे अंक, आडवी रेघ, चांदणी, गोल ठिपका असं काही दिसलं की काढून टाकते.

पण आपण ‘१.’, ‘२.’ असं लिहिलं असेल तर ती हातच लावत नाही. पानावर ‘1. १. तुमच्या गावातील नदीचे नाव लिहा’ असं दुहेरी दिसतं. कारण साधं आहे. एमेट जावास्क्रिप्टवर चालतं आणि त्या भाषेत ‘अंक शोध’ सांगणाऱ्या खुणेला फक्त 0 ते 9 हेच आकार माहीत आहेत. युनिकोडमध्ये ० ते ९ ची नोंद अंक म्हणूनच आहे, पायथॉनमधली तशीच खूण मजकुरातले आपले अंक ओळखतेही. म्हणजे देवनागरीत काही कमी नाही, ठरवणाऱ्यांनी तसं ठरवलं.

यावर काही सहकारी म्हणतात, “सगळं इंग्रजी अंकांतच टाका ना, कटकट नको.” (राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात त्या अंकांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हटलंय, तेव्हा परके तेही नाहीत.) मला हा सल्ला पटत नाही. घटनाक्रमाचं पान घ्या. ‘1848 – पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा’ या ओळीतलं सालच ती अनुक्रमांक समजून उडवते. आपल्या तालुक्यातलं ‘1 जून 2017 – पुणतांब्यातून शेतकरी संपाला सुरुवात’ हे ‘जून 2017’ होतं, तारीख गेली. तेच ‘१८४८’ लिहिलं असतं तर शाबूत राहिलं असतं.

दुहेरी क्रमांक कुणालाही दिसतो, पालक फोन करून विचारतात तरी. गेलेली तारीख मात्र दिसत नाही. घरी मोबाईलवर वही भरून घेणाऱ्या आईला तिथे काही होतं हे कळणार कसं? म्हणून मला दिसणारी चूक परवडते, गुपचूप होणारी नाही.

माझं मत असं की मजकुरातले अंक देवनागरीतच ठेवावेत, अनुक्रमांक हाताने टाकूच नयेत आणि ती शेपटी सोडून द्यावी. यादीला १, २, ३ हवेत तर सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ हे मूल्य देता येतं (तेही इंग्रजीत लिहायचं), ब्राउझर आपोआप मराठी क्रमांक घालतो. एका ओळीचं काम आहे. साधन सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर पहिली-दुसरीच्या मुलांनी अंक बदलायची गरज नाही.

आणि गणिताच्या पानाला तर ‘|टी’ लावूच नका. ‘12 + 5 =’ चं ‘+ 5 =’ होतं. पहिलीतलं पोर त्यापुढे ५ लिहील. त्याला चूक कसं द्यायचं?