'मशीनवर तपासलंय' म्हणजे नक्की काय तपासलंय?



डिसेंबर जवळ आला की आपल्यातल्या निम्म्या लोकांची तिकिटं निघतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या यादीत दागिने असतात. कुणाला हिऱ्याच्या कुड्या, कुणाला पत्रिकेतल्या शनीसाठी नीलम. म्हणून हे आत्ताच लिहितोय.

मी व्यवसायाने स्पेक्ट्रोस्कोपीवालाच. न्यू जर्सीत औषधांच्या गोळ्यांवर प्रकाश टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून आत काय आहे ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. तरीही खड्यांच्या बाबतीत तोंडावर आपटलो. दुकानदाराने फसवलं असतं तर त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. इथे फसवणारा मीच.

आई २०१९ साली गेली. वाटणीच्या वेळी आजोबांची अंगठी निघाली. आजोबा युद्धापूर्वी रंगूनला नोकरीला होते, तिथून आणलेलं हे ब्रह्मदेशी माणिक, अशी घरातली कथा. माझ्याजवळ खिशात मावणारा, बोटाएवढा स्पेक्ट्रोस्कोप होता. खड्यावर टॉर्च मारला आणि नळीतून पाहिलं. हिरव्या-पिवळ्या भागात रुंद काळा पट्टा, निळ्या भागात बारीक काळ्या रेघा, आणि तांबड्याच्या टोकाला, ६९३ नॅनोमीटरच्या आसपास, निखाऱ्यासारखी चमकणारी रेघ. क्रोमियमची सही! काचेत हे दिसत नाही. अल्मंडाइन गार्नेट असतं तर लोहाचे तीन ठळक काळे पट्टे दिसले असते. तांबड्या स्पिनेलमध्ये क्रोमियम असतं खरं, पण त्यात निळ्या भागातल्या या रेघा नसतात. (इंग्लंडच्या राजमुकुटातलं प्रसिद्ध 'माणिक' स्पिनेल आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल.)

मी जाहीर केलं, "ताई, खरं माणिक आहे. शंभर टक्के." माझ्या शब्दावर ताईने अंगठी ठेवली आणि आईच्या चारही पाटल्या माझ्या बायकोला दिल्या.

तीन वर्षांनी भाचीच्या लग्नाच्या वेळी ताईने अंगठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला: माणिक, कृत्रिम, ज्वालेत वितळवून केलेलं.

मी पाहिलेलं चूक नव्हतं, हीच तर गंमत. ऑग्युस्त व्हर्न्युई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ही पद्धत जाहीर केली. अ‍ॅल्युमिनाची पूड आणि चिमूटभर क्रोमियम ऑक्साइड घ्यायचं आणि भडकत्या ज्वालेतून खाली सोडायचं. वितळलेल्या थेंबांवर थेंब साचून स्फटिक वाढतो. रसायन तेच, स्फटिकरचना तीच, म्हणून रेघाही त्याच. फरक वाढीच्या थरांत. जमिनीतल्या स्फटिकाचे थर सरळ आणि कोनात असतात. याचे वक्र, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, माझ्या नळीतून नाही. आजोबा रंगूनला होते त्या काळी असे खडे जगभरच्या बाजारात पोचलेले होते.

म्हणजे यंत्राने उत्तर बरोबर दिलं, पण ते 'हा पदार्थ कोणता' या प्रश्नाचं. ताईचा प्रश्न होता 'हा आला कुठून'. मी इंजिनिअर लोकांच्या नेहमीच्या उत्साहात दोन्ही एकच समजलो.

माझं स्पष्ट मत असं की आपण शिकलेली मंडळी यात जास्त फसतो, कारण यंत्र म्हटलं की आपण निःशंक होतो. सराफाकडचं पेनासारखं हिरा-टेस्टर घ्या. त्यावर दिवा लागला की आपण माना डोलावतो. ते बहुधा फक्त उष्णता किती झपाट्याने वाहते एवढंच मोजतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच, त्यामुळे तो आरामात पास होतो. तो वेगळा काढायला इन्फ्रारेडमध्ये नायट्रोजन शोधतात. खाणीतल्या बहुतांश हिऱ्यांत तो सापडतो, वायूपासून वाढवलेल्यांत सहसा नाही. नाहीच सापडला तर लेझर टाकून ७३७ नॅनोमीटरजवळ सिलिकॉनची खूण पाहतात. हे काम काउंटरवर होत नाही.

नीलमचंही तसंच. निळ्या भागात ४५० जवळ लोहाची काळी रेघ दिसली तर नैसर्गिक असण्याकडे कल. पण सिलोनच्या नीलमात लोह कमी असल्याने ती बरेचदा दिसतच नाही. म्हणजे रेघ नाही म्हणून खोटा, असंही म्हणता येत नाही! पाचूत मुरवलेलं तेल किंवा राळ इन्फ्रारेडमध्ये पकडता येते. पण बेरिलियम घालून तापवलेला पुष्कराज किंवा नीलम पकडायला लेझरने सुईच्या टोकाएवढा कण उडवून त्याचं विश्लेषण करावं लागतं.

आणि एक गैरसमज: हॉलमार्क. भारतात २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, सहा अक्षरी नंबर येतो, सगळं छान. पण तो सोन्यापुरता. त्यात बसवलेल्या खड्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सोन्याच्या रतीरतीचा हिशेब मागणारे आपण खड्याच्या बाबतीत 'घरचेच सराफ आहेत हो' म्हणून गप्प बसतो. मोठा खडा घेणार असाल तर सुटा घ्या, पैसे देण्याआधी स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि 'नैसर्गिक की कृत्रिम' आणि 'कोणती प्रक्रिया केली आहे' हे दोन्ही त्यात लिहिलेलं आहे ना ते पाहा. सराफ रागावले तर रागावू देत.

ताई मात्र रागावली नाही. "आजोबांच्या बोटात होती ना, मग झालं" म्हणाली आणि अजून ती अंगठी घालते. मला ते तेवढं सोपं जात नाही. चारांपैकी दोन पाटल्या यंदा आमच्याबरोबर सांगलीला जातायत. बायको तयार आहे. ताई फोनवर 'कशाला उगाच' म्हणतेय.