आजाऱ्याचे वेतन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बाळंतपणासाठी, घरातील माणसाच्या शुश्रूषेसाठी किंवा स्वतःच्या गंभीर दुखण्यासाठी नोकरी न गमावता घरी राहण्याचा हक्क देणारा जो कायदा ५ फेब्रुवारी १९९३ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने मंजूर झाला, त्याने बारा आठवड्यांची रजा दिली, परंतु त्या रजेतील एका दिवसाचेही वेतन दिले नाही. आणि पन्नासांहून कमी नोकर असलेल्या मालकांस त्यातून मोकळे ठेवल्यामुळे, शिवाय वर्षभराच्या नोकरीची व १,२५० तासांच्या कामाची अट घातल्यामुळे, तेथील चाळीस टक्क्यांहून अधिक नोकरवर्ग या बिनपगारी रजेसही मुकला. त्यानंतरच्या तीन दशकांत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापल्या हद्दीत भरपाईची तजवीज केली, पण सबंध देशातील खासगी नोकरांना लागू होईल असा भरपगारी रजेचा कायम कायदा काही झाला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात प्रतिनिधिगृहाने चार आठवड्यांची तरतूद संमत केली, ती सिनेटात अडली. अशा तरतुदीस कारखानदारांनी विरोध करावा यात नवल नाही. खेद वाटतो तो याचा की, त्या विरोधकांच्या पंक्तीत स्वतःस निष्ठावंत कॅथलिक म्हणविणारे विद्वानही बसतात, आणि आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ पोपांच्या परिपत्रांतील वचनेच पुढे करतात. त्या वचनांचा त्यांनी लावलेला अर्थ मला सर्वस्वी अमान्य आहे. आजारपणातील आणि अपत्यजन्माच्या काळातील वेतन हा न्याय्य वेतनाचाच अंश असून तो नाकारणारी व्यवस्था कॅथलिक समाजदर्शनाच्या कसोटीस उतरत नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

त्यांचा पहिला आणि सर्वांत आवडता आधार म्हणजे पूरकतेचे तत्त्व. अकरावे पायस यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रात असे मांडले की, जे कार्य लहान व निकटच्या संस्था स्वसामर्थ्याने पार पाडू शकतात, ते मोठ्या व दूरच्या संस्थेने बळकावणे हा गंभीर अन्याय होय. यावरून विरोधक अनुमान काढतात की, आजाऱ्याची आणि बाळंतिणीची काळजी हा कुटुंबाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, फार तर स्थानिक चर्चचा विषय आहे, आणि सरकारने त्यात हात घातला की कुटुंब दुर्बल होते. हे परिपत्र ज्या वर्षी निघाले त्या वर्षी इटलीवर मुसोलिनीचा अंमल होता, आणि कामगारसंघांपासून तरुणांच्या धार्मिक मंडळांपर्यंत प्रत्येक संस्था राज्ययंत्राच्या ताब्यात आणण्याचा उद्योग तेथे चालू होता. त्या सर्वग्रासी सत्तेस पायस यांनी हा प्रतिबंध घातला, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न असा उरतो की, रजेचा कायदा कुटुंबाच्या हातून नेमके काय हिरावून घेतो? तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसण्याचे काम सरकार स्वतःकडे घेत नाही. आईच्या हातून ते काम ज्याने काढून घेतले आहे, तो सरकारी अंमलदार नसून, "उद्या आली नाहीस तर परवाही येऊ नकोस" असे बजावणारा मुकादम आहे. कुटुंबाने आपले कर्तव्य आपणच करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ते करण्यास लागणारा वेळ आणि त्या काळातील अन्न यांची सोय कोठून व्हावी, याचा विचार टाळणे योग्य नाही. तेराव्या लिओंनी 'रेरुम नोव्हारुम'मध्ये १८९१ साली घराच्या अंतर्भागात शिरणाऱ्या राज्यसत्तेचा निषेध केला, हे खरे; परंतु जे कुटुंब पराकाष्ठेच्या विपत्तीत सापडले आहे आणि ज्यास स्वतःहून त्यातून बाहेर पडता येत नाही, त्यास सार्वजनिक साहाय्य देणे उचित आहे, असेही त्यांनी त्याच विवेचनात नमूद केले आहे. आणि पायस यांच्या ज्या परिच्छेदाचा एवढा गवगवा होतो, त्याच्या लगत पुढे असा विचार आहे की, किरकोळ व्यापांतून मोकळे झालेल्या राज्याने जे केवळ त्यालाच साधते ते अधिक समर्थपणे करावे. कोट्यवधी पगारांतून अल्प वर्गणी घेऊन दुखण्याचा भार सर्वांवर विभागणे हे कोणत्याही एका चर्चला, शेजाराला वा लहान दुकानदाराला साधणारे काम नव्हे.

दुसरा आक्षेप करारस्वातंत्र्याचा. नोकराने अटी पाहून नोकरी पत्करली, त्या अटींत भरपगारी रजा नव्हती, तेव्हा ती मागण्याचा त्यास अधिकार पोचत नाही, असा हा युक्तिवाद. याचे खंडन मला नव्याने करावे लागत नाही. लिओंनी ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. उभय पक्षांच्या संमतीने वेतन ठरले म्हणजे न्याय झाला, हे मत त्यांनी निःसंदिग्धपणे त्याज्य ठरविले. कोणत्याही सौद्याहून प्राचीन आणि अधिक बंधनकारक असा एक नैसर्गिक न्याय आहे, आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या धास्तीने ज्याने कठोर अटी मान्य केल्या तो बळजबरीचा व अन्यायाचा बळी होय, असे त्यांचे म्हणणे. आता, मनुष्याचे शरीर वर्षातून काही दिवस आजारी पडणारच, ही त्याच्या श्रमजीवनातील आकस्मिक गोष्ट नव्हे. ती त्या जीवनाचा अटळ भाग आहे. निरोगी दिवसांचेच मोल मोजणारे वेतन हाताचा मोबदला देते आणि तो हात ज्या माणसाचा आहे त्यास हिशेबातून वगळते. अमेरिकेत तर असे दिसते की, ज्यांच्या हातून शेकडो लोकांच्या ताटात अन्न जाते, त्या उपाहारगृहांतील नोकरांनाच ही रजा फार कमी प्रमाणात मिळत आली. मार्च २०२० मध्ये महामारीने दार ठोठावले तेव्हा काँग्रेसने घाईघाईने दोन आठवड्यांची भरपगारी आजाररजा सक्तीची केली, पण पाचशे वा त्याहून अधिक नोकर असलेल्या मोठ्या कंपन्यांस तीतून वगळले, आणि साथ ऐन भरात असताना डिसेंबरअखेरीस ती सक्ती संपू दिली. संकटसमयी जो न्याय म्हणून मान्य झाला, तो नऊ महिन्यांनी अन्याय कसा ठरला, हे कोणी मला समजावून सांगितलेले नाही.

तिसरे मत अधिक सौम्य, आणि म्हणूनच अधिक दिशाभूल करणारे आहे. ते असे की, गरजूस मदत जरूर करावी, परंतु ती दानधर्माने. कायद्याच्या सक्तीने पुण्यकर्माचे मोल जाते. दानधर्माविषयी मला नितांत आदर आहे. अमेरिकेतील कॅथलिक रुग्णालये, अनाथालये आणि सेवासंघ यांचा इतिहास त्या आदरास पात्रच आहे. परंतु जे न्यायाने देणे आहे ते रोखून ठेवून त्याच्या जागी दान देणे शास्त्रसंमत नाही, हे 'क्वाद्राजेसिमो आन्नो'नेच स्पष्ट केले आहे. अमेरिकी बिशपांनाही याचे भान फार पूर्वीच आले होते. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी, महायुद्धाच्या समाप्तीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, त्यांच्या राष्ट्रीय मंडळाच्या चार बिशपांच्या सहीने सामाजिक पुनर्रचनेचा जो कार्यक्रम प्रसिद्ध झाला, त्यात आजारपण, अपंगत्व, बेकारी आणि वार्धक्य यांसाठी राज्याने व्यापक विम्याची तरतूद करावी, अशी उघड मागणी होती. त्याचा मसुदा मिनेसोटाचे धर्मगुरू जॉन रायन यांनी तयार केला होता. निर्वाहवेतनावरील आपला ग्रंथ त्यांनी १९०६ सालीच लिहिला होता. कारखानदारांच्या राष्ट्रीय संघाच्या अध्यक्षांनी कार्डिनल गिबन्स यांच्याकडे तक्रार नेली की, हा समाजवादी प्रचार आहे. रायन ज्या परिपत्रावर उभे होते, त्या 'रेरुम नोव्हारुम'चा बराचसा भाग समाजवादाच्या खंडनातच खर्ची पडला आहे, हे त्या तक्रारदारांनी पाहिले नसावे. आजच्या आक्षेपकांनी तरी ते पाहावे.

मातेविषयीचा आक्षेप मला विशेष क्लेशदायक वाटतो. मातेचे स्थान घरात आहे, भरपगारी रजा तिला बाहेरच्या नोकरीकडे ओढते, असे काही पारंपरिक वृत्तीचे लोक म्हणतात आणि दुसऱ्या जॉन पॉल यांच्या १४ सप्टेंबर १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्राचा हवाला देतात. त्या परिपत्रात मातृत्वाच्या कार्याची समाजाने नव्याने कदर करावी, असे आहे, यात शंका नाही. पण आर्थिक गरजेपायी मातेस मुलांना सोडून जाणे भाग पडू नये, यासाठी कुटुंबवेतन, कौटुंबिक भत्ते किंवा मातेस प्रत्यक्ष अनुदान अशा उपायांचा उच्चारही तेथेच आहे, आणि स्त्रीच्या उन्नतीसाठी श्रमाची रचना अशी असावी की, तिला आपल्या कुटुंबाचा त्याग करून ती उन्नती विकत घ्यावी लागू नये, असेही तेथेच सांगितले आहे. बिनपगारी रजेचा लाभ घेता येतो तो ज्याच्या गाठीशी तीन महिन्यांची शिल्लक आहे त्याला. ज्या स्त्रीच्या घरी आठवड्याच्या पगारावर आठवड्याचा शिधा येतो, ती प्रसूतीनंतर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा यंत्रापाशी उभी राहते. मातेने घरी असावे, हे ज्यांचे मत आहे, त्यांच्याच मताने ही रजा तिला सर्वप्रथम मिळावयास हवी. गर्भपाताचे कट्टर विरोधक आणि रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधी हेन्री हाइड यांनी स्वपक्षीय अध्यक्षाचा विरोध असतानाही रजेच्या विधेयकास पाठिंबा दिला, त्यामागे हाच विचार होता: जन्माला येणाऱ्या जीवाचे रक्षण करावयाचे तर त्याच्या आईची भाकरी जन्मदिनीच बंद होता कामा नये.

राहिला लहान मालकावरील बोजाचा प्रश्न. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. चार नोकरांच्या दुकानदारावर एका नोकराच्या तीन महिन्यांच्या पगाराची सक्ती केली तर तो एक तर बुडेल, नाही तर तरुण स्त्रीस कामावर घेणेच बंद करील. परंतु हा दोष मालकाच्या एकट्याच्या तिजोरीतून पैसे वसूल करण्याच्या पद्धतीचा आहे, भरपगारी रजेचा नव्हे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बाळंतपण-साहाय्याचे विधेयक चर्चेस आले तेव्हा, १९२८ च्या जुलैत, डॉ. आंबेडकरांनी नेमका हा मुद्दा हाताळला होता: मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने तिच्या खर्चाचा मुख्य भार सरकारने उचलावयास हवा, तथापि जो मालक स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवतो त्यास सर्वथा मोकळे सोडता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जॉन पॉल यांच्या परिपत्रात 'अप्रत्यक्ष मालक' अशी जी कल्पना येते, म्हणजे प्रत्यक्ष पगार देणाऱ्याच्या पलीकडे उभे असलेले राज्य, कायदे आणि सबंध अर्थव्यवस्था, तिचा आशय याहून फारसा निराळा नाही. कॅलिफोर्नियाने १९४६ पासून चालत आलेल्या आपल्या अपंगत्व-विम्याच्या निधीलाच कुटुंब-रजेची जोड दिली. २००२ साली कायदा झाला, २००४ मध्ये लाभ सुरू झाले, आणि त्याचा खर्च नोकरांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या अल्प वर्गणीतून भागतो. आयलीन ॲपेलबॉम व रूथ मिल्कमन यांनी २०११ साली तेथील मालकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे नव्वद टक्के मालकांनी आपल्या धंद्यावर अनिष्ट परिणाम झाला नाही, किंवा चांगलाच झाला, असे सांगितले. भीती प्रामाणिक होती, हे मान्य करूनही ती निराधार निघाली, हे आता मान्य केले पाहिजे.

रजा बारा आठवड्यांची असावी की सहा, वेतन पूर्ण द्यावे की दोन-तृतीयांश, हे परिपत्रांत कोठेही ठरवून दिलेले नाही. ते विधिमंडळांनी परिस्थिती पाहून ठरवावे. पण चर्च स्वतःच हजारो शिक्षिका, परिचारिका व कारकून यांचा मालक आहे, आणि त्याच्या बाबतीत एवढी मोकळीक देण्यास मी तयार नाही. शिकागोच्या महाधर्मप्रांताने २०१६ साली आपल्या नोकरांना अपत्यजन्मासाठी बारा आठवड्यांची भरपगारी रजा जाहीर केली. त्यानंतर, खर्च परवडत नाही, असे सांगणाऱ्या प्रत्येक धर्मप्रांताने आपले अंदाजपत्रक शिकागोशेजारी ठेवून उत्तर द्यावयास हवे. आणि जोपर्यंत चर्चच्या शाळेतील शिक्षिका पोटच्या मुलाला दोन आठवड्यांचे टाकून वर्गावर येत आहे, तोपर्यंत त्या शाळेच्या विश्वस्तांनी कुटुंबाच्या पावित्र्यावर बोलण्याआधी तिच्या रजेची तरतूद करावी.